दहा टक्क्यांच्या आत

रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. एवढ्या उशिरा घरून फोन आला की पोटात गोळाच येतो. पण आई-बाबा ठीक होते. ताई म्हणाली, "अरे, कॉलेजात असताना तू ते टक्के कमी करून द्यायचास ना? माझे सत्तावीस आलेत. सर म्हणतायत, दहाच्या आत आणा, मग सही करतो."

मी गप्प. मी काय करायचो हे ताईला माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं.

तर आधी कबुली देऊन टाकतो. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, २०१८-१९ मध्ये, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी पीएचडीच्या थिसिसचे टक्के कमी करून द्यायचो. पानाला पंधरा रुपये. गिऱ्हाईक दुकानदार आणायचा, मी कधी कुणाला भेटलो नाही. एकूण सात थिसिस केले. मेकॅनिकल, सिव्हिल, केमिस्ट्री, एक तर फार्मसीचा. मी कॉम्प्युटरचा. त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये जी वाक्यं रंगीत दिसायची ती उचलायची, त्यातले शब्द बदलायचे, कर्तरीचं कर्मणी करायचं, एका वाक्याची दोन करायची. रंग गेला की पान झालं. एकदा मी 'सरफेस एरिया'चं 'सुपरफिशियल रीजन' केलं होतं. रंग लगेच गेला. दुकानदाराने खूश होऊन चहा पाजला.

पुढे नोकरीला लागल्यावर कळलं की हा उद्योग जगभर चालतो आणि त्याला नावही आहे. गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तिघांनी २०२१ मध्ये छापील शोधनिबंधांतून असे शब्द वेचून काढले आणि त्यांना 'टॉर्चर्ड फ्रेजेस' म्हटलं. छळ केलेले शब्द. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. 'बिग डेटा'च्या जागी 'कलॉसल इन्फर्मेशन'. 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी चक्क 'बुझम पेरिल'. ती यादी वाचताना मी आधी खूप हसलो. मग 'सुपरफिशियल रीजन' आठवलं आणि हसू थांबलं.

आता मुद्दा. विज्ञान आणि अभियांत्रिकीत पीएचडी करणाऱ्याला आपण लिहायला शिकवत नाही. वर त्या न शिकवलेल्या गोष्टीची परीक्षा एका टक्केवारीने घेतो. त्या टक्केवारीने चोरी थांबत नाही. थांबतं ते लिहिणं. आणि त्याच्याबरोबर विचार करणंही थांबतं, हे मला ताईच्या स्वयंपाकघरात कळलं. तिथे येतोच, पण आधी हा दहाचा आकडा कुठून आला ते बघू.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम काढले. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ, त्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर थिसिस दुरुस्त करून पुन्हा द्यायचा, जास्तीत जास्त सहा महिन्यांत. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर दारं बंद. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. अवतरणं, संदर्भसूची, प्रमाणित समीकरणं, सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टी आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोग मोजायचे नाहीत, असंही त्यात आहे. नियम वाईट हेतूने केलेला नाही. आपल्याकडे थिसिसच्या थिसिस उचलले जात होते आणि त्याला आळा घालायलाच हवा होता.

पण कागदावरचा नियम वेगळा आणि विभागाच्या कॉरिडॉरमधला वेगळा. कॉरिडॉरमध्ये उरतं एकच वाक्य: दहाच्या आत आणा. चौदा शब्दांच्या सवलतीचा आम्ही झेरॉक्सच्या दुकानात काय अर्थ लावला असेल? दर दहा-बारा शब्दांनी एक शब्द बदला. सॉफ्टवेअर अक्षरं जुळवून बघतं. दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत मांडून ढापली तर त्याला पत्ता लागत नाही. उलट टायट्रेशन कसं केलं हे सगळं जग ज्या वाक्यात लिहितं त्याच वाक्यात एखाद्या प्रामाणिक मुलीने लिहिलं, की ते लाल होतं. मग ती ते वाक्य वाकवते, पिळते, अचूक शब्द काढून चुकीचा घालते. विज्ञानात शब्द अचूक असणं हा निम्मा पेपर असतो. तोच आपण टक्क्यांसाठी विकायला लावतो. मी तर पंधरा रुपये पान या दराने विकून दिलाय.

तुम्ही म्हणाल, शिकवत नाही कसं? कोर्सवर्क असतं की. असतं. पीएचडीला किमान बारा क्रेडिटचं कोर्सवर्क आहे. त्यात आयोगाने डिसेंबर २०१९ पासून 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' हा दोन क्रेडिटचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केलाय. त्यात सहा घटक आहेत: तत्त्वज्ञान आणि नीती, वैज्ञानिक वर्तन, प्रकाशनाची नीती, मुक्त प्रकाशन, प्रकाशनातले गैरप्रकार, आणि डेटाबेस व मोजमापं. शेवटच्या घटकाला सात तास दिलेत. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय, एच-इंडेक्स कसा काढतात, ते त्यात येतं. परिच्छेद कसा लिहायचा याला एकही घटक नाही. चोरी करू नका हे तीस तास सांगायचं, पण स्वतःचं कसं कमवायचं ते मात्र सांगायचं नाही.

२०२२ च्या पीएचडीच्या नियमांत 'रायटिंग' हा शब्द आहे बरं का. प्रत्येक संशोधकाला आपल्या विषयाच्या अध्यापन, शिक्षण, अध्यापनशास्त्र, लेखन यांचं प्रशिक्षण घ्यावं लागेल, असं वाक्य आहे. मूळ इंग्रजीत हे चारही शब्द तिरप्या रेघांनी जोडलेत आणि लेखन सगळ्यात शेवटी आहे. यातलं एक केलं तरी चालेल, असा त्याचा अर्थ कुणीही लावू शकतं. ताईला चार तास बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला उभं केलं, की प्रशिक्षण झालं.

आणि हे पीएचडीला सुरू होत नाही, त्याची मुळं फार खाली आहेत. महाराष्ट्रात इंजिनीअरिंग केलेल्या कुणालाही 'जीटी' विचारा. ग्लास ट्रेसिंग. काचेखाली बल्ब, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रभर गिरवणं. ड्रॉइंगची जीटी होती तशी शब्दांचीही होती, तिला राईटअप म्हणायचे. एका हुशार मुलाचा राईटअप साठ जण उतरवायचे. एम, अपरेटस, थिअरी, प्रोसिजर, आणि शेवटी कन्क्लुजन: 'हेन्स वी हॅव सक्सेसफुली स्टडीड...' प्रयोग चालला तरी सक्सेसफुली स्टडीड, नाही चालला तरी सक्सेसफुली स्टडीड. माझा डेटाबेसचा एक प्रोग्रॅम वर्षभर कंपाइल झाला नाही, त्याच्या कन्क्लुजनलाही हेच वाक्य आहे. सरांची सही आहे खाली.

म्हणजे निष्कर्ष हा प्रयोगातून काढायचा नसतो, तो आधीच ठरलेला असतो आणि शेवटी उतरवायचा असतो, हे आम्ही चार वर्षं हाताने गिरवून शिकलो. वयाच्या अठराव्या वर्षापासून ज्याने दुसऱ्याचे शब्द उतरवण्याबद्दलच मार्क घेतलेत, त्याला अठ्ठाविसाव्या वर्षी अचानक सांगायचं, की कॉपी करणं हा गुन्हा आहे!

आता स्वयंपाकघर.

फोनवर मी ताईला 'बघतो' म्हटलं आणि शुक्रवारची ट्रॅव्हल्स पकडून घरी गेलो. पुण्याहून यवतमाळ, रात्रभर. ताईचा विषय पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढणं. विषय तिने उगाच निवडलेला नाही. आमचं आजोळ पांढरकवड्याच्या बाजूला. त्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. मामाच्या पिढीतल्या निम्म्या लोकांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत आणि काही म्हातारी माणसं कमरेतून सरळ होत नाहीत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीड. त्याच्या वर दात आणि हाडं खराब होत जातात. ताईने ॲल्युमिनाचा थर दिलेली एक पावडर बनवली. फ्लोराइड तिच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि पाणी स्वच्छ होतं.

थिसिस दोनशे बारा पानांचा. पहिलंच वाक्य 'वॉटर इज इसेन्शियल फॉर लाइफ', आणि ते लाल. पाण्यावरच्या किती थिसिसांचं पहिलं वाक्य हे असेल देव जाणे. मी सवयीने शब्द बदलायला घेतला आणि हात थांबला. ताई भाकऱ्या थापत होती. मी विचारलं, "ताई, सहा वर्षांत तुला सापडलं काय?"

तिने थिसिसचं शीर्षक म्हणून दाखवलं. 'सिंथेसिस, कॅरेक्टरायझेशन अँड ॲप्लिकेशन ऑफ' वगैरे.

"ते नाव झालं. सापडलं काय?"

तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "सापडलं काय अरे, फसलं ते."

आणि मग पुढची वीस मिनिटं ताई जे बोलली ते मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय. प्रयोगशाळेत डिस्टिल्ड पाण्यात फ्लोराइड मिसळलं, की पावडर जवळपास सगळं ओढून घ्यायची. पेपर त्यावरच झाला. पण ताईला राहवेना. तिने मामाच्या गावच्या हातपंपाचं पाणी कॅनमधून नेलं, आणखी पाच गावांचं नेलं. तिथे पावडर निम्म्याच्याही खाली आली. का? त्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. त्याने पाणी अल्कधर्मी होतं, पावडरीचा पृष्ठभाग फ्लोराइडला धरेनासा होतो. "आपण एसटीत चढतो आणि सगळ्या सीटवर रुमाल टाकलेले असतात ना, तसं. फ्लोराइड आलं तरी बसणार कुठे?" आणि पुढचं वाक्य: "गंमत म्हणजे जिथल्या पाण्यात फ्लोराइड जास्त, तिथे बहुधा बायकार्बोनेटही जास्त असतं. म्हणजे ज्या पाण्याला माझ्या पावडरीची गरज आहे, तेच पाणी तिला काम करू देत नाही."

मी विचारलं, हे थिसिसमध्ये कुठे आहे? पान १४३, एक तक्ता. त्याखाली एक ओळ: निकाल तक्त्यात दाखवले आहेत. बस. आणि दोनशेव्या पानावर निष्कर्ष काय? हे मटेरियल पिण्याच्या पाण्यासाठी 'प्रॉमिसिंग कँडिडेट' आहे.

ताई खोटं बोलणारी बाई नाही. रिक्षावाल्याने दोन रुपये जास्त परत दिले तर हाक मारून देणारी आहे. पण तिच्या थिसिसचा निष्कर्ष खोटा होता आणि ते तिला दिसत नव्हतं. तिने तो लिहिलाच नव्हता, गिरवला होता. निष्कर्षात शेवटी 'प्रॉमिसिंग कँडिडेट' असतं, म्हणून तिनेही ते घातलं. सक्सेसफुली स्टडीड! उद्या मामाच्या ग्रामपंचायतीने तेवढं एक पान वाचून फिल्टर बसवला असता तर? आणि या साऱ्यात सत्तावीस टक्क्यांचा संबंध कुठे आहे? मी ते त्या रात्री नऊवर आणून दिले असते, सरांनी सही केली असती, आणि सहा वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य भाकरीबरोबर तव्यावर राहिलं असतं.

ताईच सांगते, बायकार्बोनेट आडवं येतं हे तत्त्व काही तिने शोधलेलं नाही. पण तिच्या पावडरीची क्षमता कुठल्या गावच्या पाण्यात किती घटते, ते तिने मोजलंय. पुढच्या माणसाला उपयोगी पडेल ते हेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: 'आपल्या मुलांचं इंग्रजी कच्चं, दुसरं काय.' मला हा आक्षेप फार आळशी वाटतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलांचे थिसिसही मी झेरॉक्सच्या दुकानात हाताळलेत. त्यांचं व्याकरण शुद्ध होतं आणि धुकं तेवढंच दाट. ताईने जे मराठीत वीस मिनिटांत सांगितलं त्यात प्रश्न होता, पुरावा होता, कारण होतं आणि त्याचा अर्थ काय तेही होतं. कमी होता तो फक्त ऐकणारा.

१९२४ मध्ये ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोसांनी आपला लेख आइनस्टाइनला पाठवला तो इंग्रजीत होता. आइनस्टाइनने त्याचं जर्मन भाषांतर स्वतः करून छापायला दिलं. युक्तिवाद पक्का असेल तर भाषा बदलून देणारा भेटतो. युक्तिवादच नसेल तर भाषांतर कशाचं करणार?

भाषेचा मुद्दा अगदीच गौण आहे असंही नाही, पण तो वेगळ्या जागी आहे. १९९० मध्ये जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वान यांनी 'अमेरिकन सायंटिस्ट'मध्ये एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजी वाचक वाक्याच्या सुरुवातीला ओळखीची गोष्ट शोधतो आणि जोराची, नवी गोष्ट वाक्याच्या शेवटी. मला हे वाचून एकदम लख्ख झालं. मराठीत आपण जोर देतो तो बहुधा क्रियापदाच्या अगदी अलीकडे. 'हातपंपाच्या पाण्यात पावडर निकामी ठरते.' शब्दशः इंग्रजी केलं की जोराचा शब्द कुठेतरी मधे लटकतो आणि वाक्याच्या शेवटी 'इन द टेबल' येऊन बसतं. ही गोष्ट कुणाही मराठी संशोधकाला अर्ध्या तासात शिकवता येईल. ताईला सहा वर्षांत कुणी शिकवली नाही. मलाही नाही.

म्हणजे लिहिणं शिकवता येतं. ही काही देवदत्त देणगी नाही. जॉन स्वेल्स यांनी, तेही १९९० मध्येच, शोधनिबंधांच्या प्रस्तावना उलगडून त्यातल्या तीन पायऱ्या दाखवल्या: आधी आपलं क्षेत्र मांडायचं, मग त्यात कुठली जागा रिकामी आहे ते दाखवायचं, मग ती जागा आपण कशी भरतो ते सांगायचं. 'वॉटर इज इसेन्शियल फॉर लाइफ'मध्ये पहिलीच पायरी ढगात आहे. जॉर्ज व्हाइटसाइड्स हे हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ. आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी केलेलं टिपण २००४ मध्ये 'ॲडव्हान्स्ड मटेरियल्स'मध्ये छापून आलं. त्यात ते सांगतात की पेपरचा आराखडा काम संपल्यावर करायचा नसतो, काम चालू असतानाच करायचा, कारण त्यावरून पुढचा प्रयोग ठरतो. ताईने तिसऱ्या वर्षी असा आराखडा केला असता, तर हातपंपाचं पाणी पान १४३ वर गेलंच नसतं. ते पान एकवर आलं असतं आणि पुढची तीन वर्षं बायकार्बोनेटवर गेली असती.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. डोनाल्ड क्नूथ हे नाव कॉम्प्युटरवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्यांनी १९८७ मध्ये स्टॅनफर्डला 'मॅथेमॅटिकल रायटिंग' हा कोर्स घेतला. अल्गोरिदमचा बाप माणूस वर्गात उभा राहून शिकवतोय, की वाक्याची सुरुवात चिन्हाने करू नका आणि दोन सूत्रांच्या मधे शब्द ठेवा. त्यांना ते कमीपणाचं वाटलं नाही. आपल्याकडे लेखन शिकवणं म्हणजे इंग्रजी विभागाच्या मॅडमना बोलावून 'कम्युनिकेशन स्किल'चे दोन तास.

मी स्वतः लिहायला शिकलो तो पहिल्या नोकरीत, कोड रिव्ह्यूमध्ये. पहिल्यांदा कोड तपासायला टाकला तेव्हा एकेचाळीस शेरे आले. निम्मे कोडवर नव्हतेच. मी जे चार ओळींचं वर्णन लिहिलं होतं त्यावर होते. 'हा बदल का?' 'आधी काय होत होतं?' 'हे वाक्य तुझं तुला कळतंय का?' रात्री रूमवर येऊन मी चिडून रडलोय, खोटं कशाला सांगू. पण सहा महिन्यांत एक फरक पडला. वर्णन लिहायला बसलं की कोडमधली चूक दिसायला लागली. काय केलं हे दुसऱ्याला नीट सांगता आलं नाही, की समजायचं, केलंय तेच चुकीचं आहे.

त्या शेऱ्यांमागे एक माणूस होता, जो दर आठवड्याला माझं लिहिलेलं वाचत होता. पीएचडीत तो कुठे आहे? दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे उभं राहायचं, ते पीपीटी घेऊन. पीपीटीत 'म्हणून', 'कारण', 'तरीही' हे शब्द लागतच नाहीत. ठिपका द्यायचा आणि पुढे जायचं. थिसिस पूर्ण झाला की तो गाईडकडे आणि किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. म्हणजे पाच-सहा वर्षांच्या कामाचा पहिला खरा वाचक भेटतो, तेव्हा बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं.

गाईड लोकांची बाजूही आहे आणि ती खोटी नाही. नियमाने प्राध्यापकाकडे आठ संशोधक असू शकतात, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायककडे चार. वर तास, पेपर तपासणी, नॅकच्या फायली. आणि त्यांना तरी कुणी शिकवलं होतं? तेही जीटी मारूनच आलेत. म्हणून सगळं गाईडवर ढकलण्यात अर्थ नाही. एमआयटीत 'कम्युनिकेशन लॅब' आहे, तिथे त्याच विभागातले संशोधक विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन एकमेकांचं लिखाण बघतात. याला इमारत लागत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या आणि दुसऱ्याचं वाचायची तयारी लागते.

दुसरा आक्षेप तुमच्या हातातल्या फोनमध्येच आहे: 'हे सगळं आता चॅटजीपीटी करतं.' करतं की. ताईचे सत्तावीस टक्के त्याने दहा मिनिटांत चारवर आणले असते, फुकटात. झेरॉक्सच्या दुकानातली माझी नोकरी गेली, त्याचं मला दुःख नाही. 'द' कुठे लावायचा आणि 'इन' की 'ऑन', हे त्याला खुशाल विचारा. मीही विचारतो. पण तो 'प्रॉमिसिंग कँडिडेट'वाला निष्कर्ष त्याला दिला असता, तर त्याने तो आणखी झळाळून दिला असता. हातपंपाचं पाणी फसलं हे त्याला कुठून कळणार? ते ताईने कुणाला सांगितलंच नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. जे खोटं पूर्वी मोडक्या इंग्रजीत असायचं ते आता गुळगुळीत इंग्रजीत येईल, एवढाच फरक. आणि टक्के? शून्य!

मग करायचं काय? माझ्या मागण्या तीन आहेत आणि तिन्ही स्वस्त आहेत. एक: कोर्सवर्कच्या बारा क्रेडिटपैकी दोन लेखनाला द्या, आणि ते विज्ञानात स्वतः लिहिणाऱ्या माणसाकडे द्या. परीक्षा एकच: आपल्या कामाची पाच पानं, चार वेळा लिहून. दोन: दर सहा महिन्यांनी समितीपुढे पीपीटीऐवजी दहा पानं गद्य ठेवा आणि ती आधी दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या दोन संशोधकांनी वाचलेली असू द्या. पहिला मसुदा मराठीत असला तरी चालेल. तीन: साम्याच्या रिपोर्टमधला आकडा वाचायच्या आधी आतली रंगीत वाक्यं वाचा. टायट्रेशनचं वाक्य कुठलं आणि ढापलेला परिच्छेद कुठला, हे माणसाला पाच मिनिटांत कळतं. ती पाच मिनिटं वाचवायला आपण शब्दांचा छळ मांडलाय.

ताईचं काय झालं ते सांगतो. त्या रेकॉर्डिंगवरून आम्ही आधी मराठीत अकरा पानं टाइप केली. मग तिने ती इंग्रजीत नेली. मी रोज रात्री फोनवर 'का?' विचारायचो आणि ती रोज चिडायची. चार महिने लागले. पान १४३ चा तक्ता आता तिसऱ्या प्रकरणात आहे आणि निष्कर्षाचं पहिलं वाक्य हातपंपाचं आहे. सर म्हणाले, "निगेटिव्ह रिझल्ट एवढा पुढे आणू नका, व्हायव्हाला अडवतील." ताई म्हणाली, "अडवू देत सर, मला उत्तर माहितीये." सरांनी दोन दिवस घेतले आणि सही केली. टक्के किती आले? अकरा. पद्धतीच्या प्रकरणातली टायट्रेशनची वाक्यं तिने बदलली नाहीत. त्या एका टक्क्यासाठी खुलासा लिहून दिलाय, तो अजून समितीपुढे आहे.

आणि मी? मागच्या रविवारी मी 'शोधगंगा' उघडली. देशभरातले थिसिस तिथे कुणालाही वाचता येतात. शोधायला फार वेळ लागला नाही. सातपैकी दोन सापडले. एकाच्या चौथ्या प्रकरणात 'सुपरफिशियल रीजन' अजून तसंच आहे. ज्या माणसाचा तो थिसिस आहे तो आता कुठेतरी शिकवत असेल, कुणाचा तरी गाईड असेल. मी त्याला कधी भेटलो नाही. पंधरा रुपयांत मी त्याचा अचूक शब्द घेतला आणि चुकीचा दिला, आणि त्या पानावर नाव मात्र त्याचं आहे.